पोस्टग्रेसवरच्या सर्च एपीआयला स्वतःचे सॉर्ट पर्याय देणं: मराठी पुस्तकसूचीचं उदाहरण

सर्च एपीआयमध्ये (इतर प्रोग्रॅम शोधासाठी वापरतात ते दार) सॉर्टचा पर्याय देणं म्हणजे डेटाबेसच्या क्वेरीच्या शेवटी क्रम सांगणारं ‘ऑर्डर बाय’ चिकटवणं, असं समजून काम सुरू होतं. पन्नास पुस्तकांवर ते चालतंही. खरी सूची आली की तक्रारी सुरू होतात. दुसऱ्या पानावर पहिल्या पानावरचीच पुस्तकं दिसतात, ‘नवीन आधी’ निवडलं की वर्ष न नोंदवलेली पुस्तकं डोक्यावर बसतात, ‘कळस’ हा ‘कवच’च्या आधी येतो आणि ‘ॲ’ने सुरू होणारी शीर्षकं पार तळाला जातात. या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि प्रत्येकाला नेमका उपाय आहे.

इथे उदाहरण एका ग्रंथालयाच्या सूचीचं घेतलंय. ‘पुस्तके’ या टेबलात आयडी, शीर्षक, लेखक, प्रकाशनवर्ष, विषय, दाखल क्रमांक आणि स्थिती असे कॉलम आहेत. डेटाबेस पोस्टग्रेस, एन्कोडिंग यूटीएफ-८. कमांड आणि कॉलमची नावं या लेखात देवनागरीत आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमनमध्येच जातील.

आधी पर्यायांची यादी, मग कोड

वापरणाऱ्याला कॉलमची नावं देऊ नका, पर्यायांची नावं द्या. या सूचीला पाच पुरतात: समर्पकता, शीर्षक, लेखक, नवीन, जुनी. कर्मचाऱ्यांच्या स्क्रीनसाठी सहावा, स्थिती. प्रत्येक नावासमोर सर्व्हरच्या कोडमध्ये ‘ऑर्डर बाय’चा अख्खा तुकडा आधीच लिहून ठेवायचा, आणि रिक्वेस्टमधून आलेलं नाव फक्त त्या तक्त्यात शोधायचं. नाव सापडलं तर तो तुकडा क्वेरीत जातो. नाही सापडलं तर ४०० हा एरर कोड आणि सोबत चालणाऱ्या नावांची यादी परत द्यायची. अनोळखी नाव आलं की गुपचूप डीफॉल्ट क्रम लावायचा मोह टाळा. समोरच्या टीमने स्पेलिंग चुकवलेलं असतं आणि यादी ‘जवळजवळ बरोबर’ दिसते म्हणून ते कित्येक महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

हा तक्ता का लागतो, याचं कारण सुरक्षेचं आहे. ‘व्हेअर’मधली व्हॅल्यू आपण बाइंड पॅरामीटरने, म्हणजे क्वेरीच्या मजकुरापासून वेगळी, देतो, पण कॉलमचं नाव तसं देता येत नाही. ‘ऑर्डर बाय’पुढे पॅरामीटर ठेवून त्यात कॉलमचं नाव पाठवलं, तर पोस्टग्रेस त्याला एक स्थिर मजकूर समजतं. सगळ्या ओळींना तोच मजकूर, म्हणजे सॉर्ट झालंच नाही, आणि एररही येत नाही. मग कुणीतरी वैतागून नाव थेट स्ट्रिंगमध्ये जोडतं आणि एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे बाहेरच्याने क्वेरीत स्वतःची कमांड घुसवण्याला, दार उघडं होतं. तक्ता असला की दोन्ही प्रश्न येतच नाहीत.

दिशा कशी पाठवायची? जेसन एपीआय या स्पेसिफिकेशनची पद्धत सोयीची आहे: एकच ‘सॉर्ट’ पॅरामीटर, स्वल्पविरामाने वेगळी केलेली नावं, उलट्या क्रमासाठी नावाआधी उणे चिन्ह. चढत्या क्रमासाठी अधिक चिन्ह मात्र ठेवू नका. यूआरएलच्या क्वेरी स्ट्रिंगमध्ये अधिक चिन्हाचा अर्थ बहुतेक फ्रेमवर्क स्पेस असा लावतात, त्यामुळे सर्व्हरला नावाआधी मोकळी जागा मिळते आणि नाव तक्त्यात सापडत नाही. खरं तर सार्वजनिक सूचीसाठी आमचा कौल दिशा मोकळी न सोडण्याकडे आहे. ‘नवीन’ आणि ‘जुनी’ ही दोन वेगळी नावं ठेवली की प्रत्येकाला स्वतःचा इंडेक्स (आधीच क्रमाने लावून ठेवलेली शोधसूची) देता येतो आणि तपासायच्या जोड्या मर्यादित राहतात. लोकांनी हवे ते चार कॉलम हव्या त्या दिशांनी जोडायचे ठरवले, तर तितके इंडेक्स कुठलाच डेटाबेस पोसू शकत नाही.

उत्तरात प्रत्यक्ष लावलेल्या सॉर्टचं नाव परत पाठवा. डीफॉल्ट काय लागलं, हे समोरच्याला अंदाजाने शोधायला लागू नये.

प्रत्येक क्रमाच्या शेवटी आयडी

एकाच वर्षी प्रकाशित झालेली तीनशे पुस्तकं आहेत. ‘ऑर्डर बाय वर्ष’ म्हटलं की त्या तीनशेंचा आपापसातला क्रम पोस्टग्रेसवर बंधनकारक नाही. पहिल्या पानाला त्याने एक प्लॅन (क्वेरी चालवायची रीत) वापरला, दुसऱ्याला दुसरा, किंवा मध्ये कुणी एखादी ओळ अपडेट केली, की क्रम हलतो. त्यामुळे एखादं पुस्तक दोन पानांवर दिसतं आणि दुसरं कुठेच दिसत नाही. म्हणून तक्त्यातल्या प्रत्येक तुकड्याचा शेवट आयडीने व्हायलाच हवा: वर्ष, मग शीर्षक, मग आयडी. आयडी युनिक असतो, त्यामुळे दोन ओळींची बरोबरी कधीच होत नाही. कोड रिव्ह्यूमध्ये दुसरं काही पाहायला वेळ नसला तरी एवढं नक्की पाहा.

रिकामी वर्षं कुठे जातात

पोस्टग्रेस नलला, म्हणजे न भरलेल्या जागेला, सगळ्यात मोठी व्हॅल्यू मानतं. चढत्या क्रमात नल शेवटी, उतरत्या क्रमात सुरुवातीला. मायएसक्यूएलमध्ये बरोबर उलट, त्यामुळे तिकडून आलेली टीम इथे हमखास अडकते. जुन्या पुस्तकांवर प्रकाशनवर्ष छापलेलं नसतं, म्हणून ‘नवीन आधी’ निवडल्यावर सगळ्यात जुनी, फाटकी पुस्तकं वर येतात.

सरळ उपाय म्हणजे ‘डिसेंडिंग’नंतर ‘नल्स लास्ट’ लिहिणं. पण मग इंडेक्सही तसाच हवा. साध्या चढत्या इंडेक्सवरून पोस्टग्रेस उलटं चालू शकतं, मात्र तसं चाललं की नल आधी येतात. नल शेवटी हवे असतील तर तो इंडेक्स उपयोगाचा नाही आणि सगळ्या ओळी वेगळ्या सॉर्ट कराव्या लागतात. क्वेरीत ‘नल्स लास्ट’ जोडलं आणि अचानक सर्च मंदावला, तर पहिला संशय इथे घ्या.

याहून टिकाऊ उपाय म्हणजे नल क्रमात येऊच न देणं. ‘नवीन’साठी एक जनरेटेड कॉलम (इतर कॉलमवरून डेटाबेस स्वतः भरतो असा) ठेवा, उलटवर्ष: वर्षाला उणे चिन्ह लावायचं आणि वर्ष नसेल तर शून्य. २०२४ सालचं पुस्तक उणे २०२४ होतं, १९५० सालचं उणे १९५० आणि वर्ष नसलेलं ०. साधा चढता क्रम लावला की नवीन आधी, जुनी नंतर, बिनवर्षाची तळाला. ‘जुनी’साठी दुसरा कॉलम: वर्ष, आणि ते नसेल तर ९९९९. आता दोन्ही पर्याय चढतेच झाले. पुढे पानांच्या कर्सरला (पुढचं पान कुठून सुरू करायचं ती खूण) याचा मोठा फायदा होतो.

स्टोअर्ड जनरेटेड कॉलम पोस्टग्रेस १२ पासून आहेत. मोठ्या टेबलात असा कॉलम घालताना अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर ते पूर्ण लॉक असतं. त्यामुळे हे काम वाचक ऑनलाइन नसतील अशा वेळी करा.

मराठी अक्षरांचा क्रम

हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे आणि वाचकाच्या नजरेत सगळ्यात आधी भरतो.

डेटाबेसचं कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचे नियम) ‘सी’ असेल तर पोस्टग्रेस नुसते बाइट पाहतं, म्हणजे युनिकोडमधल्या क्रमांकांप्रमाणे लावतं. देवनागरीची युनिकोडमधली मांडणी बरीचशी वर्णमालेसारखीच आहे, त्यामुळे वरवर पाहता सगळं ठीक दिसतं. फरक पडतो तो चार-पाच ठिकाणी.

पहिलं ठिकाण ‘ळ’. युनिकोडमध्ये तो ‘ल’च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर. त्यामुळे बाइटच्या क्रमाने यादी लागते कळस, कवच, कहर. वर्णमालेप्रमाणे हवी कवच, कहर, कळस.

दुसरं, ‘ॲ’. हे अक्षर युनिकोडमध्ये बाकी स्वरांबरोबर नाही. त्याचा क्रमांक ०९७२, म्हणजे सगळी व्यंजनं, मात्रा आणि देवनागरी अंक यांच्याही नंतर. ‘ॲसिड’, ‘ॲनिमेशन’ अशी शीर्षकं म्हणून ‘ह’च्याही खाली जातात.

तिसरं, जोडाक्षरं. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना स्वतंत्र क्रमांक नाहीत. ‘क्ष’ हा क, हलन्त आणि ष असा साठवला जातो. त्यामुळे ‘क्षमा’ आपोआप ‘क’च्या गटात, ‘क्रम’च्या पुढे जाते. शाळेच्या तक्त्यात मात्र क्ष आणि ज्ञ शेवटी असतात.

चौथं, अनुस्वार. बाइटच्या क्रमाने ‘अंक’ हा ‘अकबर’च्या आधी येतो, आणि हे आपल्या कोशांच्या पद्धतीला धरून आहे. पण आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीमध्ये भाषा न सांगता मूळ लोकेल (भाषेची सेटिंग) वापरलं, तर अनुस्वार हा फक्त दुय्यम फरक धरला जातो, आणि ‘कंबर’ हा शब्द जणू ‘कबर’ असल्यासारखा मध्येच कुठेतरी बसतो. म्हणून लोकेल रिकामं सोडू नका.

आयसीयूची कोलेशन्स पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून आहेत. आयसीयूसह बांधलेल्या पोस्टग्रेसमध्ये मराठीचं तयार कोलेशन मिळतं; त्याचं नाव ‘एमआर-एक्स-आयसीयू’. सुरुवात यानेच करा, पण नावावर विसंबून पुढे जाऊ नका. खालचे शब्द मुद्दाम उलटसुलट करून एका तात्पुरत्या टेबलात भरा, सॉर्ट करा आणि डोळ्यांनी तपासा:

अंक, अकबर, अहवाल, अक्षर, कंबर, कवच, कहर, कळस, काम, क्रम, हरिण, क्षमा, ज्ञान.

हा क्रम ‘ळ, क्ष, ज्ञ’ शेवटी ठेवणाऱ्या वर्णमालेचा आहे. तुमच्या सर्व्हरवर तो वेगळा आला, तर पोस्टग्रेस १६ पासून स्वतःचे नियम देता येतात. ‘क्रिएट कोलेशन’मध्ये प्रोव्हायडर आयसीयू, लोकेल ‘एमआर’ आणि ‘रूल्स’मध्ये हा मजकूर:

& ह < ळ < क्ष < ज्ञ

‘&’ म्हणजे या अक्षरापासून सुरू करा, आणि ‘<’ म्हणजे पुढचं अक्षर स्वतंत्र धरून त्याच्यानंतर ठेवा. शासनाच्या वर्णमालेत ‘ॲ’ हा ‘ए’नंतर येतो. तसा हवा असेल तर आणखी दोन तुकडे जोडा: & ए < ॲ आणि & े < ॅ. दुसरा विसरू नका. स्वर हलवला आणि त्याची मात्रा जागेवरच राहिली, तर ‘ॲ’ एका नियमाने लागेल आणि ‘बॅट’ दुसऱ्याच.

आता एक निर्णय, जो प्रोग्रॅमरने एकट्याने घेऊ नये. ‘क्ष’ला स्वतंत्र अक्षर केलं की तो शब्दाच्या मध्ये असतानाही स्वतंत्रच राहतो. वरच्या यादीत ‘अहवाल’नंतर ‘अक्षर’ आलाय तो यामुळेच. बरेच कोश ‘अक्षर’ हा ‘अक’च्या ओघात देतात आणि तिथेच तो शोधायची लोकांना सवय असते. ग्रंथपालांना विचारा की त्यांच्या छापील यादीत ‘अक्षर’ कुठे येतो. उत्तर ‘अक’मध्ये असं आलं तर नियमातून क्ष आणि ज्ञ काढून टाका, ‘& ह < ळ’ एवढंच ठेवा, आणि ते दोन्ही क आणि ज यांच्या गटात खरंच गेलेत ना हे वरच्याच यादीने पुन्हा पाहा. दोन्ही पद्धती प्रतिष्ठित आहेत. चूक आहे ती एका स्क्रीनवर एक आणि दुसऱ्या स्क्रीनवर दुसरी ठेवण्यात.

खंडांच्या क्रमांकासाठी लोकेलमध्ये ‘के-एन’ हा पर्याय ‘ट्रू’ करा. नाहीतर ‘खंड १०’ हा ‘खंड २’च्या आधी येतो. हा पर्याय अंकांची किंमत पाहतो, त्यामुळे एका नोंदीत देवनागरी १० आणि दुसरीत इंग्रजी अंकांतले 10 असले तरी दोन्ही शेजारी बसतात. मराठी सूचीत अशी सरमिसळ असतेच.

सर्व्हर १६ च्या आधीचा असेल तर वेगळी वाट आहे. सॉर्टसाठीच्या वेगळ्या कॉलमला ‘सी’ कोलेशन द्या आणि त्या कॉलमपुरता प्रत्येक ‘ळ’ बदलून अवग्रह चिन्ह ‘ऽ’ घाला. युनिकोडमध्ये अवग्रह ‘ह’च्या नंतर आणि ‘ा’ या मात्रेच्या आधी येतो, म्हणजे ‘ळ’ नेमका हव्या त्या जागी बसतो. हा कॉलम वाचकाला कधीच दाखवायचा नाही. ‘सी’ कोलेशनचा आणखी एक गुण शेवटी येईल.

सॉर्टसाठी वेगळं शीर्षक

मूळ शीर्षकावर थेट सॉर्ट करू नका. ‘क्रमशीर्षक’ नावाचा जनरेटेड कॉलम करा, तोच सॉर्टला वापरा आणि कोलेशन कॉलमच्याच व्याख्येत लिहा. मग क्वेरीत आणि इंडेक्समध्ये ते वेगळं लिहावं लागत नाही. इंडेक्स एका कोलेशनचा आणि ‘ऑर्डर बाय’ दुसऱ्या कोलेशनचा असेल, तर इंडेक्स वापरलाच जात नाही, हे त्यामागचं कारण.

या कॉलममध्ये मजकूर पुढच्या क्रमाने स्वच्छ होऊन जावा. आधी ‘नॉर्मलाइज’ फंक्शनने एनएफसी, म्हणजे युनिकोडचं एकसंध प्रमाण रूप. हे फंक्शन पोस्टग्रेस १३ पासून आहे. त्याने ‘ऱ’सारखं अक्षर एकसंध क्रमांकाने टाइप केलेलं असो की ‘र’खाली नुक्ता देऊन, दोन्ही एकच होतात. पण ‘ॲ’चे प्रकार याने सुटत नाहीत. कुणी ०९७२ क्रमांकाचं अक्षर वापरतं, कुणी ‘अ’वर चंद्र देतं, कुणी मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर घालतं, तर हिंदी कीबोर्डवरून ‘ऍ’ येतो. पहिले तीन पडद्यावर सारखेच दिसतात, ‘ऍ’ थोडा वेगळा, आणि डेटाबेसला चारही वेगळे दिसतात. हे सगळे ‘रिप्लेस’ने ‘ॲ’वर आणा. मग उरलेले जॉइनर काढा. त्याआधी ‘वार्‍या’तला अर्धा ‘र’ पाहून घ्या. काही कीबोर्ड तो ‘र’, हलन्त आणि जॉइनर असा लिहितात. तो ‘ऱ’ आणि हलन्त असा बदला, नाहीतर जॉइनर गेल्यावर ‘वार्‍या’ आणि ‘वार्या’ यांत फरकच राहणार नाही. शेवटी सुरुवातीची अवतरणचिन्हं, कंस आणि मोकळ्या जागा कापा.

शोधाच्या मजकुरालाही हीच साफसफाई लावा. एकच फंक्शन लिहून दोन्हीकडे वापरा आणि ते ‘इम्युटेबल’ (त्याच मजकुराला नेहमी तेच उत्तर देणारं) जाहीर करा. त्याशिवाय जनरेटेड कॉलम ते घेणार नाही.

लेखकाचंही असंच. सूचीत ‘आडनाव, नाव’ असा क्रम हवा असतो, पण दाखवायचं नाव सरळ असतं. सरळ नावातून आडनाव तोडून काढायचा प्रयत्न करू नका. संत, टोपणनावं, संस्था लेखक म्हणून असणं, नुसतं एकच नाव असणं, यात प्रत्येक नियम मोडतो. ‘क्रमलेखक’ हा कॉलम नोंद करणाऱ्याने भरायचा, आणि रिकामा असेल तर दाखवायचं नाव घ्यायचं.

स्थितीचा क्रम अक्षरांचा नसतोच. उपलब्ध, राखीव, बाहेर, बांधणीला, गहाळ असा क्रम हवा असेल तर छोटं ‘स्थिती’ टेबल करा आणि त्यात क्रमांक १०, २०, ३० अशा उड्यांनी द्या, म्हणजे मध्ये नवी स्थिती घालता येते. एनम (ठरावीक किमतींचाच डेटा प्रकार) वापरला तर त्याच्या व्याख्येतलाच क्रम सॉर्टला लागतो. तेही चालतं, पण एकदा ठरलेला क्रम बदलणं अवघड जातं.

इंडेक्स आणि ‘एक्सप्लेन’

सॉर्ट केलेल्या क्रमाने ओळी देऊ शकणारा पोस्टग्रेसमधला इंडेक्स एकच, बी-ट्री. मजकूर शोधायचा जिन इंडेक्स जुळणारी पुस्तकं शोधून देतो, क्रम देत नाही. म्हणून प्रत्येक पर्यायाला एक बी-ट्री: क्रमशीर्षक आणि आयडी; क्रमलेखक, क्रमशीर्षक आणि आयडी; उलटवर्ष, क्रमशीर्षक आणि आयडी; याच धर्तीवर बाकीचे. चालू सर्व्हरवर करताना ‘कॉन्करंटली’ लिहा, नाहीतर तोवर नव्या नोंदी अडकून पडतील.

बी-ट्रीच्या एका नोंदीला सुमारे २,७०० बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि मात्रा, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं आहेत. म्हणजे मर्यादा नऊशे चिन्हांच्या आसपास. शीर्षकं त्यात मावतात, पण कुणी शीर्षकाच्या रकान्यात अख्खा परिचय चिकटवला तर ती नोंद एरर देऊन नाकारली जाते. क्रमशीर्षक पहिल्या २०० चिन्हांवर कापा. क्रमासाठी तेवढं भरपूर आहे आणि पुढची बरोबरी आयडी तोडतो.

मग प्रत्येक पर्याय, क्वेरी चालवून तिचा प्लॅन दाखवणाऱ्या ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’मधून काढा. ‘इंडेक्स स्कॅन’ आणि त्यावर थेट ‘लिमिट’ दिसलं तर उत्तम. ‘टॉप-एन हीपसॉर्ट’ दिसलं तर जुळलेल्या सगळ्या ओळी वाचून त्यातल्या वीस निवडल्या जातायत; थोड्या ओळी असतील तर हरकत नाही. ‘इन्क्रिमेंटल सॉर्ट’ म्हणजे इंडेक्सने क्रमाचा पहिला भाग दिला आणि उरलेला जागच्या जागी लावला; हे १३ पासून आहे आणि सहसा पुरतं. ‘एक्स्टर्नल मर्ज’ आणि शेजारी ‘डिस्क’ दिसलं तर सॉर्ट मेमरीत मावलेलं नाही. ‘वर्क-मेम’ची, म्हणजे सॉर्टला मिळणाऱ्या मेमरीची, डीफॉल्ट मर्यादा ४ एमबी आहे. ती वाढवण्याआधी आपण लिमिट लावायला विसरलो नाही ना, हे पाहा.

एक सापळा मात्र इंडेक्स बरोबर असूनही लागतो. विषय दुर्मीळ, समजा ‘मोडी लिपी’, आणि सॉर्ट ‘नवीन’, लिमिट २०. प्लॅनरला वाटतं की नवीन पुस्तकांच्या इंडेक्सवरून चालत गेलो की वीस लवकर सापडतील. प्रत्यक्षात या विषयाची एकूण पंधराच पुस्तकं असतात, आणि विसावं शोधत तो लाखो ओळींच्या शेवटापर्यंत जातो. ओळख सोपी आहे: ‘एक्सप्लेन’मध्ये ‘रोज रिमूव्ड बाय फिल्टर’ हा आकडा प्रचंड असतो, आणि तीच क्वेरी लिमिट काढल्यावर उलट जलद होते. नेहमीच्या फिल्टरसाठी विषय आधी ठेवून जोड-इंडेक्स करा: विषय, उलटवर्ष, क्रमशीर्षक, आयडी. ते शक्य नसेल तर आधी विषयाने गाळलेल्या ओळी ‘मटेरियलाइज्ड’ सीटीईमध्ये (क्वेरीच्या आतल्या तात्पुरत्या निकालात) घ्या आणि बाहेर सॉर्ट करा.

पानं: ऑफसेट नको, कर्सर

ऑफसेट १०,००० म्हटलं की आधीच्या दहा हजार ओळी काढून टाकाव्याच लागतात, आणि मध्ये नवीन नोंद आली की पान एका ओळीने सरकतं. त्याऐवजी शेवटच्या ओळीच्या सॉर्टच्या किमती कर्सर म्हणून परत द्या आणि पुढचं पान त्यांच्या पुढून सुरू करा.

सगळे कॉलम चढते करून ठेवले त्याचं फळ इथे मिळतं. अट एका ओळीची होते: उलटवर्ष, क्रमशीर्षक, आयडी हे त्रिकूट कर्सरमधल्या त्रिकुटापेक्षा मोठं. ही रो-तुलना पोस्टग्रेस थेट इंडेक्सवर चालवतं. एक कॉलम चढता आणि दुसरा उतरता असेल तर ही एका ओळीची अट लागू पडत नाही. ‘ऑर’ने जोडलेल्या तीन अटी लिहाव्या लागतात आणि इंडेक्सचा उपयोग कमी होतो. आणि त्रिकुटात कुठे नल असेल तर तुलनेचं उत्तरच नल येऊ शकतं आणि त्या ओळी पुढच्या पानातून नाहीशा होतात. शून्य आणि ९९९९ भरून ठेवले ते यासाठीही.

कर्सरमध्ये सॉर्टचं नाव आणि एक आवृत्ती क्रमांकही ठेवा, मग सगळं बेस-६४ (साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) करून पाठवा. ‘शीर्षक’चा कर्सर ‘नवीन’ सॉर्टबरोबर आला तर ४०० परत करा. कोलेशनचे नियम बदललेत तर आवृत्ती वाढवा, म्हणजे जुने कर्सर चुकीचं पान दाखवण्याऐवजी नाकारले जातील.

समर्पकता

शोधशब्द असेल तर डीफॉल्ट समर्पकता, नसेल तर ‘नवीन’. शोधशब्द नसताना कुणी समर्पकता मागितली तर सगळ्यांची रँक सारखीच येते, तेव्हा उघडपणे ‘नवीन’ लावा आणि उत्तरात तसं सांगा.

पोस्टग्रेसच्या शोधात मराठीसाठी तयार कॉन्फिगरेशन नाही, म्हणून ‘सिंपल’ घ्यायचं. शीर्षकाला ‘ए’ आणि लेखकाला ‘बी’ वजन द्या. त्यांची डीफॉल्ट किंमत १.० आणि ०.४ आहे. समर्पकतेचा आकडा, म्हणजे रँक, काढणाऱ्या ‘टीएस रँक’ला जुळलेल्या प्रत्येक ओळीचा व्हेक्टर (तिच्यातल्या शब्दांची यादी) वाचावा लागतो, त्यामुळे ‘इतिहास’सारख्या शब्दावर हा पर्याय बाकी सगळ्यांपेक्षा हळू असणार. त्यावर इंडेक्सचा इलाज नाही. शिवाय रँक हा दशांशातला अंदाजे आकडा असल्याने तो कर्सरमध्ये मजकूर होऊन परत येताना शेवटच्या घरात बदलू शकतो. म्हणून फक्त या पर्यायासाठी ऑफसेट ठेवा आणि दहा पानांनंतर थांबा. रँक तीन दशांश स्थळांपर्यंत गोल करून पुढे क्रमशीर्षक आणि आयडी लावा, म्हणजे जवळजवळ सारख्या नोंदी अक्षरांच्या क्रमाने दिसतील.

सर्व्हर अपग्रेड करण्याआधी

अक्षरांचा क्रम पोस्टग्रेसच्या बाहेर, ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी या लायब्ररीमध्ये किंवा आयसीयूमध्ये राहतो. ते अपग्रेड झालं की नियम बदलू शकतात, पण डिस्कवरचा इंडेक्स जुन्या नियमांनीच लावलेला असतो. जीलिबसी २.२८ मध्ये, २०१८ साली, असा मोठा बदल झाला. लक्षणं विचित्र असतात: असलेलं पुस्तक शोधून सापडत नाही, युनिक इंडेक्समध्ये दुहेरी नोंद शिरते, कर्सरचं पान मध्येच उडी मारतं. लॉगमध्ये कोलेशनची आवृत्ती जुळत नसल्याची वॉर्निंग आली तर आधी त्या कोलेशनवरचे सगळे इंडेक्स ‘रीइंडेक्स’ करा, आणि मगच ‘ऑल्टर कोलेशन’ने ‘रिफ्रेश व्हर्जन’ चालवा. उलट केलं तर वॉर्निंग गायब होते आणि बिघाड तसाच राहतो.

‘सी’ कोलेशनचा कॉलम वापरला असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही, कारण बाइटचा क्रम कुठल्याही अपग्रेडने बदलत नाही. आयसीयूच्या वाटेने गेला असाल तर वरचे तेरा शब्द एका ऑटोमेटेड टेस्टमध्ये टाका आणि नव्या सर्व्हरवर डेटा नेण्याआधी ती टेस्ट चालवा.